पिसवांचं नाव काढायचं नाही

पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला आणि आमचा कुत्रा नवाब खाजवायला लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला मान्य आहे, पण आईनं तो लगेच जोडला. "पावसाळी हवा हाय. अंग दमट राहतं. खाजवणारच," ती म्हणाली. माझ्या बायकोचं, करुणाचं मत पडलं की त्याला कोंडा झाला असावा. मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आहे, त्यामुळे कुठल्याही प्रश्नावर लगेच मत देण्याची मला सवय नाही. मी म्हटलं, थोडी वाट पाहू. कितीतरी प्रश्न वाट पाहिल्यानं आपोआप निवृत्त होतात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

नवाब मात्र वाट पाहायला तयार नव्हता. पूर्वी एकदा मी हर्सूल तलावाकडं फिरायला गेलो असताना हा कुत्रा माझ्या मागं मागं घरापर्यंत आला आणि आमच्या जिन्याखाली कायमचा राहायला लागला. एरवी तो नावाप्रमाणंच वागतो. दिवसभर लोळतो, भाकरी दुधात कुस्करून दिली तरच खातो, आणि पोस्टमन आला तर पडल्यापडल्याच एकदा भुंकतो. आता तो झोपेतून दचकून उठायचा आणि शेपटीच्या बुडाशी कचाकचा चावायचा. कमरेवरचे केस विरळ झाले. केसांत मिरपुडीसारखे काळे कण दिसायला लागले. मी त्याला माती म्हटलं. मग करुणाच्या घोट्यांवर लाल ठिपके उठले. आई म्हणाली, "डास." डास फक्त घोट्यालाच कसे चावतात, असं करुणानं विचारलं. त्यावर आई म्हणाली, "ह्या वर्षीचे डास बुटके हायेत."

शेवटी निदान केलं आमच्या शेजाऱ्यानं. सांडूभाऊंची पडेगावकडं शेती आहे, घर मात्र आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. बांधावरून गड्याला हाक मारण्यात त्यांचा आवाज घडलेला असल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. त्या सकाळी कंपाउंडवरून वाकून त्यांनी नवाबाच्या पोटावरचे केस बाजूला केले आणि जाहीर केलं, "राजेंद्रभाऊ, पिसवा झाल्यात की ओ ह्याला! गोचीड असतं तर एका जागी चिटकून टम्म फुगलं असतं. हे बगा कसं तिरकं पळतंय. ही बगा, उडी मारली! पिसूच हाय!"

समोरच्या दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. आई ओट्यावर मेथी निवडत होती. तिनं मेथी पदरात घेतली, आत गेली आणि दार लावून घेतलं. सांडूभाऊ मला म्हणाले, "म्हातारीला काय झालं?"

काय झालं ते मला माहीत होतं. आईचं लहानपण ज्या खेड्यात गेलं तिथं आमच्या लोकांना घाण म्हणायला कुणाला पुरावा लागत नसे. त्या शब्दाला आईनं आयुष्यभर उत्तर दिलं. आमची घरातली फरशी दोनदा पुसली जाते. भांडी घासून झाली की ती उन्हाकडं धरून पाहते. लहानपणी माझ्या शर्टाची कॉलर काळी दिसली तर मला शाळेच्या वाटेवरून परत बोलावलं जाई. "आपल्याला एक डाग परवडत न्हाई," ती म्हणायची. लोकांच्या घरात ढेकूण झाले तर ते ढेकूण असतात, आपल्या घरात झाले तर ते आपण असतो, असं तिचं गणित होतं. मी हसायचो त्या गणिताला. पण ऑफिसात नवीन साहेब आला की मीही आधी बुटांकडं पाहतो.

त्या दिवशी तिनं मला आत बोलावून सांगितलं, "ह्या घरात तसलं काय झालेलं न्हाई. त्याचं नाव काढायचं न्हाई. कुनी इचारलं तर कोंडा."

अडचण अशी होती की येत्या रविवारी ग्रंथवाचन आमच्या घरी होतं. आमच्या कॉलनीत वर्षावासात दर रविवारी एकेकाच्या घरी वाचन असतं. सगळे पांढऱ्या कपड्यात येतात, पांढऱ्या चादरीवर बसतात, त्रिशरण-पंचशील होतं, मग कडुबाकाका वाचतात आणि शेवटी खीर. आता विचार करा, काळी, बारीक, उड्या मारणारी गोष्ट लपवायची आहे आणि आपण पाहुण्यांसाठी आख्ख्या घरात पांढरं अंथरतोय.

मी गुपचूप कामाला लागलो. सांडूभाऊंनी त्यांच्या बैलांच्या गोचिडाचं औषध आणून दिलं. "बादलीभर पान्यात झाकणभर टाका अन् द्या ओतून. आमचे बैल बगा कसे चकाचक हायेत." मी आधी डॉक्टरला विचारावं म्हणून ती बाटली पिशवीत टाकली, पुरावा म्हणून एक पिसू मोठ्या मुश्किलीनं गोळ्यांच्या रिकाम्या डबीत पकडली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

केसपेपर काढणाऱ्यानं विचारलं, "पेशंट कुठंय?"

"घरी आहे. नमुना आणलाय."

"नमुन्याचा केसपेपर निघत नाही. पेशंट आणा."

मी आयुष्यभर लोकांना हेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगत आलोय, त्यामुळे वाद घालायला मला तोंड नव्हतं. परत घरी आलो. कुत्रा म्हटल्यावर दोन रिक्षावाले निघून गेले. तिसरा म्हणाला, "बिठाव साब, लेकिन सीटपे नक्को. और इसकू खुजली है क्या?" मी म्हटलं, कोंडा आहे. तो सबंध रस्ताभर आरशातून आम्हा दोघांकडं पाहत होता आणि हर्सूलच्या जेलपाशी आल्यावर त्यानं स्वतःची मान खाजवली.

डॉक्टर तरुण होत्या. मी मोठ्या अदबीनं डबी उघडली. त्यांनी वाकून पाहिलं. डबी रिकामी होती. "होती मघाशी," मी म्हटलं. "आता ती कुठंतरी माझ्याच खोलीत असेल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नवाब तपासला, सांडूभाऊंची बाटली हातात घेतली, वाचली आणि सरळ ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला. हे कुत्र्याच्या अंगावर टाकलं असतं आणि त्यानं चाटलं असतं तर तो गेला असता, असं त्यांनी सांगितलं. हेडक्लार्क माणसानं कुत्र्यासाठी डोळ्यांत पाणी आणू नये म्हणून मी भिंतीवरचं गायीच्या पोटाचं चित्र पाहत राहिलो.

त्यांनी मानेवर टाकायचे थेंब दिले. केस बाजूला करून थेट कातडीवर टाकायचे, आणि आधी-नंतर दोन दिवस अंघोळ घालायची नाही. "कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या असतात," त्या म्हणाल्या. "अंडी, अळ्या, कोष घरात असतात. गोधडीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत. सगळं गरम पाण्यात धुवा, घर झाडा, पुन्हा पुन्हा झाडा. आणि आता थेंब टाकले तरी कोषातल्या नवीन बाहेर येतच राहतील काही आठवडे. घाबरू नका."

"रविवारपर्यंत संपतील ना?"

"रविवारी काय आहे?"

मी सांगितलं नाही. "आणि खात्री करायची असेल," त्या म्हणाल्या, "तर ते काळे कण ओल्या पांढऱ्या कपड्यावर घ्या. तांबडं उतरलं तर ती पिसवांची घाण. रक्त असतं ते."

खात्री करायची काही गरज नव्हती. डॉक्टरनं सांगितलं, सांडूभाऊंनी सांगितलं, एक पिसू प्रत्यक्ष दवाखान्यात हजर राहिली. पण कागदपत्र पूर्ण केल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरी येऊन मी दोरीवरचा पहिला पांढरा कपडा ओढला, कोपरा ओला केला आणि नवाबाच्या कमरेवरचे कण त्यावर झटकले. तांबडं उतरलं. अगदी छान उतरलं. ते पाहायला आई मागं उभी होती, आणि कपडा म्हणजे तिची रविवारची पांढरी साडी होती.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं साडीचा तो कोपरा हातात धरून बराच वेळ पाहिला. मग तिच्या भाच्याला, बुद्धभूषणला फोन लावला. त्यानं देवगाव रंगारीजवळ शेत घेतलंय. "भूषण, रविवारी संध्याकाळी पिकअप घिऊन ये. कुत्रं न्यायचंय शेतावर. हितं नको. लांब सोड."

मी म्हटलं, "आई, औषध..." तिनं हात वर केला. म्हणजे नाव काढायचं नाही. करुणा मध्ये पडली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "रविवारी चादरीवर काय दिसलं न्हाई, तर राहू द्या."

म्हणजे नवाबाला रविवारपर्यंतची मुदत मिळाली. त्याला ते कळलं नाही. तो माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला आणि झोपेत पाय झाडत राहिला. मुलं शिकायला पुण्याला गेल्यापासून संध्याकाळी मी घरी आलो की उठून दारापर्यंत येणारा तोच एक आहे. करुणा कामात असते, आई बातम्या पाहते. हा येतो. मला तो जायला नको होता, हे मी सरळच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब टाकायच्या आधी माझ्या मनात एक वेगळाच पेच आला. रोज सकाळी मी पहिलं शील म्हणतो, प्राणिहत्येपासून अलिप्त राहीन. आणि ते म्हणून झाल्यावर लगेच हजारो जीवांचा बंदोबस्त करायचा. मी कडुबाकाकांकडं गेलो. ते निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या वाचनाचे वाचक. मी म्हटलं, "काका, ऑफिसातल्या एका मित्राच्या कुत्र्याला पिसवा झाल्यात. त्याला प्रश्न पडलाय, माराव्यात का?"

काकांनी चष्मा काढला. "द्वेषानं मारू नयेत."

"मग प्रेमानं माराव्यात?"

काकांनी चष्मा परत घातला. "असं बघ, राजेंद्र. तुझ्या मित्राचा हेतू काय? कुत्र्याचं दुःख कमी करणं. औषध कुत्र्यासाठी हाय. पिसवांना तिथं राहायची सक्ती न्हाई. त्यांनी वेळेत निघून जावं." उत्तर त्यांनी इतकं चटकन दिलं की मला जरा आश्चर्य वाटलं. पण समाधान झालं. मी घरी येऊन थेंब टाकले आणि टाकताना पिसवांना मनातल्या मनात निघायची सूचनाही दिली.

आता राहिलं धुणं. गोधड्या, सतरंज्या, चादरी, पडदे, सगळं गरम पाण्यात. हे सांगणारा माणूस आमच्या शहरातला नसावा असं वाटेल, पण डॉक्टर इथल्याच होत्या. आमच्याकडं आठवड्यातून एकदाच पाण्याचा दिवस असतो. तो कुठला, हे पाणी आल्यावर कळतं. त्या दिवशी गल्लीत कुणी नातेवाईक आला तर त्याला चहा मिळत नाही, बादली मिळते. टाक्या, पिंप, हंडे, कळशा, कुकर, चहाचं पातेलं, सगळं भरून झालं की धुणं सुरू होतं. धुवायचं संपलं आणि नळ अजून चालूच असला तर माणसं शोधतात, अजून काय धुवायचं राहिलंय. वाहतं पाणी तसंच सोडून देणं आमच्या हातून होत नाही.

थेंब टाकले त्याच दिवशी, मी ऑफिसात असताना, पाणी आलं.

संध्याकाळी मी फाटक उघडलं तर अंगणात चादरींच्या रांगा, गोधड्या भिंतीवर, आणि ओट्यावर नवाब. ओला. अंगाला साबणाचा वास. केस विंचरलेले. आई त्याच्या शेजारी पाटावर बसून दम खात होती, तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"आई, ह्याला अंघोळ घातली?"

"नळ चालूच हुता," ती म्हणाली. "समदं धुतलं. म्हनलं ह्यालाबी घालावी. दोनदा साबन लावला. लई गुणी हाय, हाललं न्हाई."

तिला काय सांगणार? थेंबांचं तिला माहीतच नव्हतं. नाव काढायचं नाही म्हणून मी सांगितलं नव्हतं, करुणानंही सांगितलं नव्हतं. जिनं आजवर नवाबाला हात लावला नव्हता, ती गुडघे दुखत असताना, आठवड्याच्या पाण्यातलं पाणी काढून त्याला दोनदा साबण लावून बसली होती. तो राहावा म्हणूनच ना? आणि त्यात औषध मात्र गटारीत गेलं. मला हसू आलं, मग गलबलून आलं. मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, लगेच पुन्हा टाकू नका, इतक्या जवळजवळ चालत नाही. त्यांनी विचारलं, "पण अंघोळ का घातली?" मी म्हटलं, "पाणी आलं होतं." त्या इथल्याच असल्यामुळे त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

रविवार उजाडला. घर इतकं स्वच्छ होतं की पाय ठेवायला संकोच वाटत होता. नवाबाला गच्चीवर बांधलं. पांढरी चादर अंथरली, मूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं फुलं, मेणबत्त्या, अगरबत्ती. कडुबाकाका आले, त्यांची सून संस्कृती आली, कॉलनीतली पंधरा-वीस मंडळी आली. सगळे पांढरेशुभ्र. "जय भीम" झालं, वंदना झाली, पंचशील झालं. पहिलं शील म्हणताना माझी नजर चादरीवरून फिरत होती. आई सगळ्यात पुढं बसली होती, पाठ ताठ. तिचा एक डोळा काकांकडं आणि दुसरा डोळा, शपथेवर सांगतो, चादरीवर होता.

काकांनी वाचायला सुरुवात केली. पान उलटलं. आणि त्या उलटलेल्या पानावर, दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत, एक काळा ठिपका येऊन बसला. काका अडखळले. बहुधा त्यांना तो अनुस्वार वाटला. मग तो ठिपका चालायला लागला. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. ठिपक्यानं उडी मारली आणि तो आईच्या साडीवर, बरोबर मांडीवर, येऊन थांबला.

गच्चीवर नवाब साखळी ओढत होता ते खाली ऐकू आलं. सगळे इकडंतिकडं पाहायला लागले, आणि ते न पाहणंच जास्त अंगावर येत होतं. मी आईकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढरा झाला होता. मला वाटलं, उठून आत जाईल. मी पुढं सरकलो, काहीतरी बोलायला, कोंडा म्हणायला.

तिनं माझा हात दाबून मला खाली बसवलं.

"पिसू हाय," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, सांडूभाऊंच्या वरताण. "आमच्या कुत्र्याची हाय. घर रोज पुसते मी, परवाबी धुतलं, तरीबी झाली. काय करायचं ते करतोय. कुनाला चावली आसंल तर सांगा, खोबरेल देते."

मग मागून संस्कृतीचा आवाज आला. "बाबा, सांगू का?"

"सांगू नको," कडुबाकाका म्हणाले.

"आमच्याकडं मांजरीमुळं झाल्यात. आषाढापासून. बाबा म्हणाले, रविवारच्या वाचनात विषय काढू नको."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे तो ऑफिसातला मित्र तूच व्हय?" मी म्हटलं, हो. "मी बी तुला उत्तर माझंच दिलं हुतं," काका म्हणाले. लोक हसायला लागले. एकानं घोटा दाखवला, दुसऱ्यानं सतरंजीचं सांगितलं, कुणी कडुलिंब, कुणी मीठ, कुणी गरम इस्त्री. भिंतीपलीकडून सांडूभाऊ ओरडून विचारत होते की त्यांची बाटली कधी परत मिळणार. त्या रविवारचं प्रकरण अर्ध्यावरच राहिलं आणि खीर मात्र दुसऱ्यांदा करावी लागली.

सगळे गेल्यावर आई दारात बसून राहिली. चादरीवर दिसायचं ते दिसलं होतं, आणि अटही तिचीच होती. दिवेलागणीला बुद्धभूषणची पिकअप दाराशी आली. तो गोणपाट आणि दोरी घेऊनच उतरला.

"आत्या, जय भीम. कुठंय कुत्रं?"

"न्यायचं न्हाई," आई म्हणाली.

"आवो, तुमीच म्हनला हुता ना? लांब सोड म्हनला. मी डिझेल जाळून आलो."

"म्हनले हुते." तिनं त्याच्या हातातल्या दोरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "भूषण, मला लहानपनी विहिरीवरून म्हनायचे, लांब हो. दुकानावर म्हनायचे, लांब हो. शाळंत मास्तर म्हनायचा, लांब बस. काय झालंय इचारायचं कुनी न्हाई. नुस्तं लांब." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या मुक्या जिवाला चावत हुतं, अन् मी त्याला तेच म्हनले बग. लाज वाटली मला. तू जेवून जा."

बुद्धभूषणनं गोणपाट गाडीत टाकलं आणि हातपाय धुवायला गेला. करुणानं गच्चीवर जाऊन नवाबाला सोडलं. तो जिन्यावरून धडपडत खाली आला, माझ्याकडं न येता सरळ आईकडं गेला आणि तिच्या पायाला अंग घासून उभा राहिला. तिनं पाय मागं घेतला नाही.